साहेबाचे ओटे आणि ऑगस्टमधले आकाश

१८ ऑगस्ट, विजयदुर्ग

पहाटेपासून पावसाने उसंत दिलेली नाही. वाघोटन खाडीचे पलीकडचे तोंडसुद्धा दिसत नव्हते, तरीही छत्री सांभाळत, शेवाळलेल्या पायऱ्या जपून चढत मी किल्ल्यावरच्या साहेबाच्या ओट्यांपर्यंत जाऊन आले. आज हेलियम दिन. याच ओट्यांवरून १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी हेलियम शोधला, असे मी वीसेक वर्षे वर्गात अभिमानाने सांगत आले आणि तीच गोष्ट गेल्या विज्ञान दिनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रामध्येही सांगितली.

शाळेतली मुले घेऊन रात्रीच्या एस.टी.ने आम्ही विद्यापीठाच्या आवारातल्या या आंतरविद्यापीठीय केंद्रात पोहोचलो होतो. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्या पुतळ्यांजवळ मुलांचे फोटो काढून झाले (तेवढ्यात दोघे जण हरवले आणि सापडलेही), आणि मग एका तरुण संशोधकाला मी आमच्या गावाची थोरवी ऐकवली. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मॅडम, ऑगस्टमध्ये कोकणात सूर्य दिसतो का हो?"

मला हसूही आले आणि लाजही वाटली. जन्म इथे गेला, वाळवणे कधी घालायची आणि कधी उचलायची हे कळते, पण हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

परत आल्यावर वाचले तेव्हा उलगडा झाला. १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन निरीक्षणासाठी आंध्रातल्या गुंटूरला होते. लॉकियर इंग्लंडमध्येच होते आणि २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच, त्यांना प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या वर्णपटदर्शकातून सूर्याच्या ज्वालांच्या रेषा दिसल्या. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेच्या जवळची, पण तिच्याशी न जुळणारी होती. ती एका नव्या मूलद्रव्याची होती, तोच हेलियम. पृथ्वीवर तो १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना युरेनियमच्या एका खनिजात सापडला. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. आमचे ओटे बहुधा त्याच वेळचे असावेत. जानेवारीतले कोरडे, स्वच्छ आकाश पाहता ते पटतेही. त्यांनी 'मेलपोमीन' या युद्धनौकेवरच्या खलाशांना निरीक्षणाची तालीम दिली होती, आणि ही सगळी तयारी जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी होती. मला तर ही खरी हकीकत जुन्या दंतकथेपेक्षा अधिक आवडते.

त्या दिवशी मुलांना सर्वांत जास्त भुरळ घातली ती सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ या भारतीय यानाच्या माहितीने. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ या समतोल बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. त्यावरची सूट ही दुर्बीण आयुकाने इस्रो आणि इतर संस्थांच्या साहाय्याने घडवली आहे. २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात ती सूर्याच्या संपूर्ण बिंबाची छायाचित्रे घेते. या प्रकाशाचा बराचसा भाग पृथ्वीवर ओझोनचा थर अडवतो, म्हणून तो पाहायला वर जाणे भाग पडते. यानावरच्या दुसऱ्या एका उपकरणात, बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या कोरोनादर्शकात, एक चकती ग्रहणातल्या चंद्रासारखी सूर्यबिंब झाकून टाकते आणि सूर्याभोवतीचे अंधुक प्रभामंडळ दिसू लागते. हे ऐकून आमचा एक विद्यार्थी पटकन बोलून गेला, "म्हणजे तेंका गिराणाची वाट बघूक नको?" संशोधकाला मालवणी समजली नाही, पण 'म्हणजे त्यांना ग्रहणाची वाट पाहायला नको' असे मी भाषांतर केल्यावर तो म्हणाला, अगदी बरोबर.

आज ओट्यावर उभी असताना मला लॉकियर यांचे खलाशी आठवत होते. दोन मिनिटांसाठी त्यांनी किती घोकंपट्टी केली असेल! आणि त्या क्षणी ढग आला असता तर? एल१ बिंदूवर ती धास्ती नाही, पण त्या यानावर काम करणाऱ्यांची धास्ती वेगळी असणार. तिथे काही बिघडले, तर हातात पाना घेऊन कोणी जाऊ शकत नाही.

उद्या आठवीच्या वर्गात फळ्यावर दोन साले लिहीन, १८६८ आणि १८९८, आणि आधी माझी चूक सांगेन. मग मुलांना खिडकीबाहेरचे आकाश पाहायला लावीन आणि तोच प्रश्न विचारीन.