खंडोबाचं जागरण आणि परवानगीचा फॉर्म - माझा अनुभव

आमचं कुलदैवत खंडोबा. लग्न झालं की जोडी जेजुरीला न्यायची आणि मग घरी जागरण घालायचं, ते झाल्याशिवाय आमच्या सासूबाई लग्नकार्य पार पडलं असं धरतच नाहीत. धाकट्या दिराचं लग्न झालं तेव्हा जागरणाची सगळी धावपळ माझ्याकडं आली. जेजुरी छान झाली, भाऊजी नव्या जावेला उचलून घेऊन पाच पायऱ्या चढले, वर तळी भरली, भंडारा उधळला, संध्याकाळी घरी. जागरणात खंडोबाची गाणी म्हणणारे त्याचे उपासक म्हणजे वाघ्या-मुरळी, त्यांची पार्टी पण सासूबाईंच्या माहेरची, एका फोनवर ठरली.

अडलं ते परवानगीत. गावाकडं अंगणात मांडव टाकला असता, कुणाला विचारायचं कारण नव्हतं. इथं पुण्यात सोसायटी म्हणाली पार्किंगमध्ये घाला, आमची हरकत नाही, पण रात्रभर स्पीकर असणार तर पोलिसांचं पत्र आणा. ठीक आहे, रास्त आहे, म्हातारी माणसं आहेत, दहावीची पोरं आहेत.

पत्र आणायला गेले तर हातात फॉर्म दिला. त्यात कार्यक्रमाचा प्रकार म्हणून रकाना, लग्न, वाढदिवस, सभा, मिरवणूक, सार्वजनिक उत्सव, मनोरंजन. यात आमचं जागरण कुठं बसतं? मी विचारलं तर टेबलावरचे म्हणाले वाघ्या-मुरळी येणार ना, गाणी म्हणणार ना, मग मनोरंजन लिहा. मला तिथंच खटकलं होतं पण त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं. मग त्याच फॉर्मवरून पुढच्या टेबलावर विचारणा सुरू, मनोरंजन आहे तर कलाकारांची यादी द्या, त्यांचे आधार कार्ड द्या, तिकीट लावणार का, कार्यक्रमाचं लायसन्स कुठंय. अहो तिकीट कसलं? देवाला कुणी तिकीट लावतं का?

मी त्यांना सगळं समजावून सांगत होते. की पाच उसांचा मांडव करतात, खाली धान्याचा चौक भरून घट मांडतात, देवाचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची मूर्ती, ठेवतात, मग वाघ्या एकेका देवाला गावाच्या नावानं हाक मारून जागराला बोलावतो, जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, पंढरपूरचा विठोबा, कुणाला वगळायचं नाही. रात्रभर दिमडी आणि तुणतुण्यावर म्हाळसा-बाणाईच्या, मणी-मल्ल दैत्यांच्या कथा चालतात, पहाटे दिवटी पेटवून आरती, लंगर म्हणजे लोखंडी साखळी तोडायची, तळी म्हणजे भंडाऱ्याचं ताम्हन उचलायचं आणि मगच माणसं उठतात. ही पूजा आहे. मुरळी नाचते ती देवापुढं, प्रेक्षकांसाठी नाही. हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, फॉर्ममध्ये तसा ऑप्शन नाही." आणि उद्या या. उद्या गेले तर सही करणारे साहेब बंदोबस्ताला. परवा गेले तर आधीचा अर्जच सापडेना!

म्हणून इथं मधेच सांगते, अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. माझ्याकडं शिक्क्याची प्रत होती म्हणून त्यांना अर्ज शोधावा लागला, नाहीतर परत पहिल्यापासून.

मला राग याचा आला की वाघ्या-मुरळी हे आपल्याकडं पिढ्यानपिढ्या देवाची सेवा करणारे लोक, महाराष्ट्रात धनगरांपासून देशस्थांपर्यंत किती घरांत जागरण होतं, आणि तरी फॉर्ममध्ये त्याला एक ओळ नाही. सासूबाई रोज विचारायच्या, मिळाली का गं परवानगी, आणि मला काय सांगावं कळेना. तारीख तोंडावर आलेली, पाहुण्यांना फोन गेलेले.

शेवटी तिथल्याच एका वयस्कर हवालदार काकांनी बाहेर बोलावून नीट सांगितलं. म्हणाले, "ताई, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर काय, वाद्य पण चालत नाही, तो २००० सालचा ध्वनी प्रदूषणाचा नियम आहे. सरकार काही दिवस १२ पर्यंत सूट देतं ती गणपती-नवरात्रासारख्या सणांना, घरच्या कार्याला नाही. बंद हॉलमध्ये घ्या, आवाज बाहेर जाऊ देऊ नका, स्पीकर फक्त १० पर्यंत मागा." पहिल्या दिवशी कुणी एवढं बोललं असतं तर माझे सगळे हेलपाटे वाचले असते.

मग मी फॉर्म बाजूला ठेवला आणि साध्या कागदावर अर्ज लिहिला. विषय, "कुलधर्माचा धार्मिक विधी, खंडोबाचे जागरण". ठिकाण सोसायटीचा बंद हॉल, स्पीकर संध्याकाळी ७ ते १०, त्यानंतर दारं-खिडक्या बंद ठेवून विनामाईक विधी, सोबत सोसायटीची एनओसी. दुसऱ्या दिवशी सही झाली. तुम्ही पण विषयात कार्यक्रम हा शब्द घालूच नका, विधी लिहा.

आणि खरं सांगते, १० नंतर माईक बंद झाला तेव्हाच जागरण रंगलं. वाघ्यामामांचा नुसता गळा आणि घोळ म्हणजे हातातली घंटी, सगळे जवळ सरकून बसले, वरच्या मजल्यावरच्या आजी पण येऊन बसल्या. पहाटे पाच जणांनी ताम्हन उचललं, "सदानंदाचा येळकोट" म्हणताना सासूबाईंचा आवाज सगळ्यात मोठा. मला इतकं भरून आलं, एवढं लढून मिळवलं होतं मी ते.

अजून काही आठवतंय ते लिहिते. मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या आसपास तारीख धरणार असाल तर वाघ्याला खूप आधी सांगा, तेव्हा सगळीकडं जागरणं असतात. ऊस शहरात ऐनवेळी पानांसकट मिळत नाही, रसवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवा. कोटंबा (वाघ्याचं भिक्षेचं पात्र), दिवटी, लंगर पार्टी आणते, टाक आणि ताम्हन आपलं. हॉलमध्ये भंडारा उधळणार असाल तर आधी जाड चादरी अंथरा आणि सांडलेला भंडारा कोरडाच झाडून घ्या, ओलं फडकं लागलं की फरशीच्या सांध्यात हळद बसते आणि सोसायटी डिपॉझिट कापते.