नुर्बुर्गरिंग १९५७: अर्धी टाकी आणि एक घरंगळलेला नट

नाशिकच्या रॅलीवेड्या मंडळींत १९५७ च्या जर्मन ग्रां प्रीचा, म्हणजे फॉर्म्युला वन मोटार शर्यतीचा, विषय निघाला की गप्पा थेट अर्जेंटिनाचा चालक हुआन मॅन्युएल फांजिओच्या धाडसावर जातात. धाडस होतंच. पण त्या दिवशीचा डाव आधी इंधन आणि टायर यांच्या हिशेबावर मांडलेला होता, आणि तो हिशेब चुकला म्हणूनच एवढ्या धाडसाची वेळ आली.

४ ऑगस्टची शर्यत, जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर. २२.८ किलोमीटरचा एक फेरा, असे २२ फेरे. एकूण अंतर ५०० किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे नाशिकहून मुंबई तीनदा, आणि बराचसा रस्ता घाटासारखा वळणांचा. फेरारीच्या माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्सनी टाक्या पूर्ण भरून, मध्ये न थांबता शेवट गाठायचं ठरवलं. मासेराती संघाने ४६ वर्षांच्या फांजिओच्या २५०एफ गाडीला मऊ पिरेली टायर घातले. पकड उत्तम, पण मागचे दोन टायर शेवटपर्यंत पुरणार नव्हते. थांबायचं आहेच, तर सुरुवातीला इंधन तरी पूर्ण कशाला भरायचं? टाकी अर्धीच ठेवली.

हे अर्धं इंधन किती महत्त्वाचं? तेव्हा शर्यतीच्या गाड्या मिथेनॉलसारख्या अल्कोहोलचं मिश्रण जाळत. मिथेनॉलमधून मिळणारी उष्णता पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे ते लागतंही खूप जास्त. १०० लिटर कमी भरलं की साधारण ८० किलो वजन वाचतं. शिवाय २५०एफची टाकी शेपटीत, मागच्या एक्सलच्याही मागे. टाकी भरलेली असली की वळणात मागचा भाग बाहेर ओढला जातो आणि मागचे टायर लवकर झिजतात.

बाराव्या फेऱ्याअखेर फांजिओ टायर-इंधनासाठी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघाच्या थांब्यावर, आला तेव्हा आघाडी होती २८ सेकंदांच्या आसपास. काम ३० सेकंदांत उरकायचं ठरलं होतं, लागले ५० च्या वर. चाक एकाच मधल्या नटवर बसायचं आणि हातोड्याने ठोकून तो सोडवावा लागे. डाव्या मागच्या चाकाचा नट निसटून गाडीखाली गेला. त्यात वेग कमी करून आत येणं आणि थांबलेल्या गाडीला पुन्हा वेगात आणणं, याचा वेळ वेगळाच मोजावा लागतो. बहुतेक जण हिशेब करताना नेमकं हेच विसरतात. फांजिओ बाहेर पडला तेव्हा फेरारी जवळपास ५० सेकंद पुढे होत्या आणि फेरे उरले होते फक्त १०.

नवे टायर रुळेपर्यंत सुरुवातीला अंतर फारसं घटलं नाही. फेरारीच्या पिटला वाटलं, शर्यत हातात आली. त्यांनी चालकांना वेग सांभाळायचा इशारा दिला. माझ्या मते शर्यत इथेच फिरली. फेरा नऊ मिनिटांहून मोठा असल्याने पिटला धोका उमगून इशारा चालकापर्यंत पोहोचेस्तोवर फांजिओने आणखी काही सेकंद खाल्लेले असत.

वेग आला कुठून? काही वळणं तो नेहमीपेक्षा एक गिअर वर ठेवून घेऊ लागला. असं केल्याने गिअर बदलण्याचा वेळ वाचतो आणि बाहेर पडताना मागची चाकं कमी घसरतात. पण इंजिनमुळे आपोआप वेग कमी होण्याची मदत (इंजिन ब्रेकिंग) कमी मिळतं, आणि वळणात शिरताना वेग जरा जरी पडला तरी इंजिन दबून जातं. म्हणजे शिरायचंच जोरात. शर्यतीआधी पहिला क्रमांक मिळवून देणारी त्याची पोल वेळ ९:२५.६ (मिनिटं:सेकंद) होती, विसाव्या फेऱ्यात त्याने ९:१७.४ काढली. आदल्या वर्षीचा त्याचाच विक्रम ९:४१.६ चा होता!

एकविसाव्या फेऱ्यात आधी कॉलिन्स, मग हॉथॉर्न मागे पडला. शेवटी फरक ३.६ सेकंद. फांजिओचा हा २४ वा आणि शेवटचा ग्रां प्री विजय, आणि याच शर्यतीत त्याचं पाचवं जगज्जेतेपद पक्कं झालं.

१९५८ पासून अल्कोहोलऐवजी विमानाचं पेट्रोल सक्तीचं झालं, शर्यतीही आखूड झाल्या. त्या वर्षीची जर्मन ग्रां प्री १५ फेऱ्यांचीच होती, त्यामुळे इंधनासाठी मध्ये थांबायची गरजच उरली नाही.