डावा कान, उजवा कान

अमळनेरहून जळगावला येणाऱ्या पॅसेंजरमध्ये मी आणि माझा मामेभाऊ एकाच इयरफोनची एकेक बाजू कानात घालून बसलो होतो. डावी माझ्याकडे, उजवी त्याच्याकडे. धरणगाव सुटल्यावर मी एक गाणे लावले. दोनेक मिनिटांनी त्याने विचारले की वाद्ये केव्हाची वाजत आहेत, मग गायक अजून का आला नाही. आणि नेमके त्याच वेळी मला प्रश्न पडला होता की हा माणूस इतका वेळ नुसता बोलतोच आहे, तर वाद्ये सुरू केव्हा व्हायची. प्रेयसीकडे जायला पैसे नाहीत म्हणून स्वतःलाच खोक्यात घालून टपालाने पाठवणाऱ्या एका तरुणाची गोष्ट मी ऐकत होते, आणि असली कोणतीही गोष्ट त्यात नाही, नुसती गिटार घरघरते आहे, असे भाऊ शपथेवर सांगत होता. यावरून आमचे चांगलेच वाजले. पाळधी आल्यावर आम्ही बाजू बदलून गाणे पुन्हा लावले, तेव्हा दोघेही खरे बोलत होतो हे कळले.

ते गाणे होते ‘द गिफ्ट’, आणि ते ज्यात आहे तो अल्बम म्हणजे न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्वेट अंडरग्राउंड’ या बँडचा ‘व्हाइट लाइट/व्हाइट हीट’. तो ३० जानेवारी १९६८ रोजी प्रसिद्ध झाला. त्या आठ मिनिटांच्या गाण्यात बँडमधला जॉन केल डाव्या बाजूला गोष्ट वाचतो आणि सारी वाद्ये उजव्या बाजूला वाजतात, त्यामुळे बॅलन्सचे बटण फिरवून ज्याला जे हवे ते ऐकता येते. ऐकणाऱ्यांत फूट पाडण्याची इतकी सरळ सोय मी दुसऱ्या कोणत्याही अल्बममध्ये पाहिलेली नाही. फूट अर्थात एका गाण्यापुरती राहिली नाही. अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत हा अल्बम कसाबसा १९९ व्या क्रमांकापर्यंत चढला. पुढे मात्र काहींनी त्याला डोक्यावर घेतले, आणि काहींना तो आजही डोकेदुखी वाटतो. मी पहिल्या गटात असले तरी आंधळी भक्त नाही. ‘लेडी गोडायव्हाज ऑपरेशन’मध्ये केलच्या ओळीत मध्येच बँडचा मुख्य गायक लू रीड याचा मोठा आवाज घुसवला आहे, तो मला अजूनही ओढूनताणून केलेला चमत्कार वाटतो. ‘आय हर्ड हर कॉल माय नेम’मधली गिटार मात्र वंगण नसलेल्या बैलगाडीच्या चाकासारखी किंचाळते आणि तरीही, का कोण जाणे, ती संपू नये असे वाटते.

हे ‘का कोण जाणे’ मी उगीच लिहिले. कारण मला थोडेफार ठाऊक आहे. माझे मामा जीनमध्ये फिटर होते. ज्यांनी खानदेशात कापसाचा हंगाम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचे, तर सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याला आमच्याकडे जीन म्हणतात, आणि दिवाळीच्या आसपास तो सुरू झाला की त्याच्या आसपासच्या घरांत माणसे आपोआप मोठ्याने बोलू लागतात. लहानपणी मी मामांचा डबा घेऊन जात असे. आत ओळीने लावलेली यंत्रे, प्रत्येकात कातडी रोलर आणि त्याला घासणाऱ्या सुऱ्या, हवेत तरंगणारी रुई, आणि सगळ्यांवर पसरलेला एकच एक अखंड गडगडाट. काही कामगार कानात कापूस घालत, तिथे कापसाला काय तोटा. मामा मात्र कान उघडे ठेवत. चालता चालता ते मध्येच थांबत, मान किंचित वाकडी करत आणि ओळीतल्या एखाद्या यंत्राकडे बोट दाखवत. तिथे सुरीचे अंतर हमखास बिघडलेले असे. मला जो एक आवाज ऐकू येई, त्यात त्यांना डझनभर आवाज ऐकू येत होते.

केलचा कानही असाच तयार झालेला होता. या बँडमध्ये येण्यापूर्वी तो ला मॉन्टे यंग या संगीतकाराच्या मंडळीत वाजवत असे, आणि तिथे एकच स्वर तासन्‌तास धरून त्यातले बारकावे ऐकण्याची साधना चाले. हाच यंग पुढे किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, हे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही, कारण तंबोऱ्याकडे जाणारा माणूस कोणत्या रस्त्याने जाईल याचा काही नेम नसतो. बँडची ढोलवादक मो टकर ही तर आमच्या होळीत सहज खपली असती: मोठा ड्रम आडवा ठेवून उभ्याने वाजवायची, झांजांच्या फारशी वाटेला जायची नाही.

एकदा मे महिन्यात मामांच्या ओट्यावर मी त्यांना ‘सिस्टर रे’ ऐकवले. अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर दोनच गाणी आहेत आणि हे त्यांतले शेवटचे, साडेसतरा मिनिटांचे. बेस गिटार नाही. केलचा ऑर्गन गिटारच्या अँप्लिफायरमधून काढलेला, आणि चौघेही एकमेकांवर कुरघोडी करत आवाज वाढवत नेतात. एकाच दमात मुद्रित केलेले हे गाणे सुरू झाले तेव्हा आतून मामीने विचारले, “हाई गानं शे का जीन चालू शे?” कूलरची घरघर त्यात मिसळली होती, तेव्हा तिचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मामा काही बोलले नाहीत. डोळे मिटून त्यांनी मान किंचित वाकडी केली. बऱ्याच वेळाने गिटारींच्या वर ऑर्गन उसळला, तेव्हा त्यांनी बोट वर केले आणि म्हणाले, “आते दुसरं मशीन वर चढनं.” त्यानंतर टकरचा ठोका एकदा दबला आणि पुन्हा वर आला, तेही त्यांच्या बोटाने बरोबर टिपले.

गाणे संपल्यावर मी त्यांना विचारले की आवडले का. आवडण्याचा प्रश्न त्यांना गैरलागू वाटला असावा. त्यांनी उलट विचारले की एवढे सगळे चालू असताना तिथे देखरेखीला कोण होते. लू रीड सांगत असे ती हकीकत मग मी त्यांना सांगितली: हे ऐकत बसणे आपल्याला बांधलेले नाही, टेप चालू करून आपण जातो, तुमचे आटोपले की बोलवा, असे म्हणून स्टुडिओतला इंजिनिअर खोलीबाहेर निघून गेला होता. इतका वेळ शांत असलेले मामा हे ऐकून एकदम सावरून बसले. संगीताबद्दल त्यांनी शेवटपर्यंत काही मत दिले नाही, पण यंत्रे चालू सोडून बाहेर गेलेल्या त्या फिटरची त्या दिवसाची हजेरी आपण कापली असती, एवढे त्यांनी बजावून सांगितले.