गुडघ्याचं लिगामेंट तुटलं: स्विंडनहून गोव्यातल्या खेळणाऱ्यांसाठी

भात कापून झालं, शेतं सुकली की गोव्यात गावोगावी फुटबॉलच्या स्पर्धा लागतात, आणि त्याच सुमारास इकडे इंग्लंडला व्हॉट्सॲपवर एमआरआय रिपोर्टांचे फोटो यायला लागतात. पेडणे, डिचोली, साखळी, फोंडा, कुठूनही. रिपोर्टातली महत्त्वाची ओळ एकच, एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं हाडांना बांधणारं लिगामेंट, पूर्ण तुटलंय. खाली प्रश्नही एकच, ‘ऑपरेशन या आठवड्यात करू की पुढच्या?’

बहुतेकांना उत्तर द्यावं लागतं की दोन्ही नको. आधी गुडघा शांत होऊ दे, सरळ होऊ दे, मांडीत ताकद येऊ दे. मग ठरवू, करायचं की नाही.

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गोवेकर पुष्कळ. आठवडाभर गोदामात शिफ्टा, रविवारी मैदान, त्यामुळे हीच दुखापत इथेही नेहमीची. इथे इमर्जन्सीत एक्स-रे काढून हाड शाबूत आहे ना एवढं बघतात, कुबड्या देतात आणि गुडघ्याच्या क्लिनिकची तारीख देतात. पुढे एमआरआय, फिजिओ आणि वाट बघणं. सरकारी दवाखान्यात नियोजित उपचारांसाठी १८ आठवड्यांची मर्यादा कागदावर आहे, प्रत्यक्षात अनेकदा त्याहून जास्त लागतात. लोक वैतागतात, ते समजण्यासारखं आहे. पण त्या महिन्यांत ज्यांनी इमानेइतबारे व्यायाम केला, त्यांचा पाय ऑपरेशननंतर लवकर वळणावर येतो, आणि काहींना ऑपरेशनची गरजच उरत नाही. गोव्यात खाजगीत दहा दिवसांत टेबलावर जाता येतं. ती सोय खरीच, पण तिच्यामुळे मधली पायरी गाळली जाते.

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधणारी जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटरची दोरी. ती नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला पिळू देत नाही. ती तुटते तेव्हा बहुधा कोणी धक्काही दिलेला नसतो. बूट जमिनीत रुतलेला, अंग दुसरीकडे वळलं, गुडघा आत झुकला, ‘टक’ असा आवाज, आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे आत रक्त साचलंय. या दिवसांत कोणाकडूनही ओढून, चोळून घेऊ नका, मग ते खोबरेल तेल असो की वैद्याचा हात. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून ‘नुसती लचक आहे’ असं समजू नका, लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. आणि गुडघा अडकून बसला, काही केल्या सरळच होत नसला, तर मात्र थांबू नका. फाटलेला मेनिस्कस, म्हणजे आतली गादी, सांध्यात उलटून अडकलेली असू शकते. ते प्रकरण खरंच घाईचं.

आता निर्णय. स्वीडनमध्ये १२१ हौशी खेळाडूंना दोन गटांत विभागून केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्या गटातल्या ५९ जणांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. त्या ५९ पैकी दोन वर्षांत २३ जणांनी ऑपरेशन करून घेतलं, पाच वर्षांत ३० जणांनी. बाकीच्यांचं ऑपरेशनविना निभलं, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांची अवस्था सरासरीने सारखीच निघाली. दुसरी बाजूही ऐका. २०२२ साली ब्रिटनमधल्या ३१६ जणांचा अभ्यास आला. ही दुखापत जुनी झालेली, गुडघा सारखा दगा देणारी माणसं होती, आणि त्यांच्यात ऑपरेशनवाल्यांना जास्त फायदा झाला.

दोन्ही मिळून अर्थ असा. फुटबॉल, कबड्डी, बॅडमिंटन असे झटक्यात वळण्याचे खेळ खेळायचेच असतील आणि वय पंचविशीच्या आत असेल, तर ऑपरेशनकडे कल असणं बरोबर आहे. तीन महिने नीट व्यायाम करूनही गुडघा सटकत असेल, तर वय काहीही असो, करून घ्या. दर वेळी सटकताना गादी थोडी आणखी कुरतडली जाते आणि ती परत येत नाही. पण पोहणं, सायकल, सरळ धावणं, जिम एवढंच हवं असेल, तर टेबलावर न जाताही वर्षानुवर्षं चालतं. ऑपरेशन केलं म्हणून म्हातारपणी गुडघा झिजणार नाही, असं मात्र नाही. हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

ठरवण्याआधी गुडघा तयार आहे का, हे घरीच बघता येतं. उताणं झोपा, पाय सरळ ठेवा. वाटीच्या आतल्या बाजूला खालून वर, मांडीकडे, तळहाताने दोन-तीनदा पुसा, म्हणजे तिथलं पाणी वर ढकललं जाईल. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा हात फिरवा आणि आतल्या खळग्याकडे बघत राहा. तिथे लहानशी लाट फुगून आली तर गुडघ्यात अजून पाणी आहे. मग पोटावर झोपा, गुडघ्यापासून खालचे पाय पलंगाबाहेर सोडा. दोन्ही टाचा एका उंचीवर हव्यात. एक सेंटीमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंश सरळपणा कमी. लाट नाही, टाचा सारख्या, गुडघा १२० अंशांपर्यंत वाकतो, चालताना लंगडणं नाही, सरळ पाय उचलताना गुडघा ढिला पडत नाही, असं झालं की शरीर ऑपरेशनला तयार. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. सुजलेल्या, न वळणाऱ्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं, तर तो आखडून बसण्याचा धोका वाढतो. आणखी एक काम याच काळात उरका. चांगल्या पायाची ताकद लेग प्रेस आणि लेग एक्स्टेन्शनवर मोजून वहीत लिहून ठेवा. ऑपरेशननंतर सहा महिन्यांत तो पायही मऊ पडतो, आणि मग त्याच्याशी तुलना केली की आजारी पाय उगाच बरा वाटतो.

सर्जनला ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या दोरीच्या जागी बसवायची आपल्याच अंगातली पट्टी, कुठून घेणार हे जरूर विचारा. हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंच्या, दोऱ्या घेतल्या तर पुढून दुखत नाही, पण वेगात धावणाऱ्याला मागची ताकद कमी जाणवते. ग्राफ्टची जाडी ८ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. वाटीखालची पट्टी दोन्ही टोकांच्या हाडासकट घेतली तर ती हाडात घट्ट बसते, म्हणून तरुण फुटबॉलपटूंना अनेक सर्जन तीच सुचवतात. पण पुढे गुडघे टेकताना टोचतं. देवघरात किंवा चर्चमध्ये रोज गुडघे टेकणाऱ्याने, शेतात बसून काम करणाऱ्याने हे आधीच सांगावं. वाटीवरची क्वाड्रिसेप्सची, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूची, पट्टी हा तिसरा पर्याय. वय कमी आणि गुडघा फार सैल असेल, तर बाहेरच्या बाजूला एक जादा आधार शिवतात, त्याबद्दलही विचारा. ६१८ तरुणांच्या एका अभ्यासात त्या आधारामुळे दोन वर्षांत ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असो की खाजगी विमा, ग्राफ्ट हाडात पकडून ठेवणारे स्क्रू आणि बटणं पॅकेजमध्ये आहेत का, हे लेखी घ्या. फिजिओचे पैसे वेगळे बाजूला काढा. नऊ महिन्यांची फिजिओ परवडत नसेल, तर ऑपरेशनची तारीख पुढे ढकललेली बरी.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात मोठी चूक घरातल्या प्रेमापोटी होते. आई उशी घेऊन येते, ‘बाळा, ही गुडघ्याखाली घे, बरं वाटेल.’ खरंच बरं वाटतं, आणि तिथेच घोळ होतो. गुडघा थोडा वाकलेल्या अवस्थेत आखडतो, ग्राफ्टच्या पुढे व्रणाची गाठ धरते, आणि पाय कायमचा पाच-सात अंश वाकडा राहतो. कधी ती गाठ काढायला पुन्हा दुर्बीण घालावी लागते. उशी टाचेखाली ठेवायची, गुडघ्याखाली पोकळी राहिली पाहिजे. दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, मांडी आवळा, गुडघ्याची मागची बाजू पलंगाकडे दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. पहिल्या दिवशी मांडीचा स्नायू ऐकतच नाही, नुसता थरथरतो. सूज त्याला बंद पाडते. म्हणून बर्फ टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवायचा आणि वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायची, दुखायला लागल्यावर नव्हे. दोन आठवड्यांत ९० अंश वाकणं आणि पूर्ण सरळ होणं, यांत सरळ होण्याला आधी मान. गादी शिवली असेल तर वाकवण्यावर आणि वजन टाकण्यावर चार ते सहा आठवडे बंधनं असतात. तिथे सर्जन सांगेल तेच खरं, शेजारच्याचं वेळापत्रक आपल्याला लागू नाही.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. नडगीच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहतो, त्याला घाबरू नका. हॅमस्ट्रिंग घेतली असेल तर काही आठवड्यांनी वाकताना मांडीमागे टचकन काहीतरी सुटल्यासारखं होतं, तेही बहुधा निवळतं. पण पोटरी दुखून टणक झाली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, किंवा छातीत दुखून श्वास अडला, तर त्याच दिवशी दवाखाना.

इंग्लंडच्या माहितीपत्रकांत न मिळणाऱ्या गोष्टी गोव्यात आधी ठरवाव्या लागतात. भारतीय पद्धतीचा संडास कित्येक आठवडे वापरता येणार नाही, म्हणून कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधी घरात यायला हवी. पावसाळ्यात ऑपरेशन असेल तर कुबड्यांची रबरी टोकं नवी घ्या, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. मांडी घालून बसायला साधारण तीन-चार महिने, गादी शिवली असेल तर त्याहून उशिरा. चवथ मध्ये आली तर आरतीला खुर्चीवर बसा, कोणी वाईट वाटून घेणार नाही. फुगडी मात्र वर्षभर नाही. पाय जमिनीला चिकटलेला आणि अंग गरगर फिरतंय, ही तर लिगामेंट तुटण्याचीच हालचाल. गाडी चालवायला उजव्या गुडघ्याला साधारण सहा आठवडे. स्कूटरला आमच्या मते तीन महिने थांबावं, कारण ती कलंडताना पाय झटक्यात टेकवावा लागतो.

सहाव्या ते बाराव्या आठवड्यात दुखणं कमी होतं आणि माणूस मोकाट सुटतो. याच काळात ग्राफ्ट सगळ्यात कच्चा असतो, शरीर त्याला मोडून नव्याने विणत असतं. धावणं तीन महिन्यांच्या आधी नाही, तेही लाट दिसत नसेल आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ७० टक्क्यांवर असेल तरच. चौथ्या-पाचव्या महिन्यात उड्या, मग वळणं.

मैदानावर परतायला नऊ महिने, त्याआधी नाही. मार्चमध्ये ऑपरेशन केलं तर नऊ महिने डिसेंबरात भरतात, नेमक्या शेतातल्या स्पर्धांच्या तोंडावर, आणि क्लबवाले नोव्हेंबरातच दारात उभे राहतात. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी केलेल्या १०६ खेळाडूंच्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत दर महिना थांबल्याने पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्मा झाला. परतण्याआधीच्या कसोट्या (त्या खाली दिल्यात) पास न होता खेळलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, पास होऊन खेळलेल्यांपैकी सहा टक्क्यांनाही नाही. अभ्यास लहान आहे, पण फरक डोळ्यांत भरणारा आहे. पंचविशीच्या आतल्या, खेळात परतलेल्यांपैकी जवळपास चौघांतल्या एकाला या ना त्या गुडघ्यात हीच दुखापत पुन्हा होते, हे घरच्यांनीही ऐकावं.

कसोट्या अवघड नाहीत. मोजपट्टी, घड्याळ आणि जिम पुरते. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या दोन्ही बाजूंना तिरक्या तीन उड्या आणि सहा मीटर अंतर एका पायावर किती सेकंदांत. प्रत्येकात दुसऱ्या पायाच्या ९० टक्के, आणि मांडीची ताकद वहीत लिहिलेल्या जुन्या आकड्याच्या ९० टक्के. उडी मारताना मित्राला समोरून मोबाइलवर शूट करायला सांगा. टेकताना गुडघा आत झुकत असेल तर अंतर कितीही भरलं तरी नापास. मनात भीती असेल तर तीही फिजिओला सांगा, तिच्यावर वेगळं काम करावं लागतं.

पुढे दोन आठवडे धक्काबुक्कीविना सराव, दोन आठवडे पूर्ण सराव, आणि मगच सामन्यात शेवटची १५-२० मिनिटं. सामन्याआधी फिफाचा ११ प्लस वॉर्मअप, १५ व्यायाम, २० मिनिटं, सगळ्या संघाने मिळून. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावर बसून वाटीच्या आतल्या बाजूने हात फिरवायचा आणि तीच लाट शोधायची. दिसली तर पुढच्या रविवारी बाकावर बसायचं.