वायसरचे गुण

सांगलीत इंजिनिअरिंगला असताना ‘एक्स्ट्रा-करिक्युलर’ म्हणजे सर्टिफिकेटं. पेपर प्रेझेंटेशन, रोबो-रेस, टेक-फेस्टचं व्हॉलंटियर, सगळी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एकामागे एक. ती फाइल मी विमानात मांडीवर घेऊन जर्मनीत आणली. आजतागायत कुणी बघायला मागितली नाही.

‘ताई, मास्टर्सला आल्यावर नोकरीसाठी काय काय करायचं?’ असे मेसेज हल्ली फार येतात, म्हणून हे एकदाच लिहून टाकते.

मी बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आहे. जर्मनीत सरकारी विद्यापीठाला फी नाही असं आपल्याकडे सगळे सांगतात, पण या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून दर सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात. त्यात पगारी कामाला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस एवढीच परवानगी. त्यामुळे ‘फॉर्म्युला स्टुडंटच्या टीममध्ये ये’ असं वर्गातली एकजण म्हणाली, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, पैसे किती देतात? काहीच देत नाहीत. आईचंही तेच: ‘पगार नाही, मार्क नाहीत, मग रात्री अकरापर्यंत तिथे करतेस काय?’

तर ते असं. विद्यार्थ्यांनी एका सीटची रेसिंग कार स्वतः डिझाइन करायची, स्वतः बांधायची आणि ऑगस्टमध्ये होकेनहाइमच्या ट्रॅकवर न्यायची. (आपल्याकडे कोइम्बतूरला ‘फॉर्म्युला भारत’ होते, त्याच जातीची स्पर्धा.) एकूण १००० गुण. त्यातले डिझाइनला १५०, कॉस्टला १०० आणि बिझनेस प्लॅनला ७५. म्हणजे ३२५ गुण गाडीच्या वेगाचे नाहीतच, परीक्षकांसमोर नीट बोलण्याचे आहेत.

मला सस्पेन्शन हवं होतं. माझं मोडकं जर्मन ऐकून त्यांनी मला कॉस्टमध्ये टाकलं. चडफडत घेतलं. गाडीतला एकेक भाग यादीत लिहायचा: ब्रेकचं पेडल कशाचं, मिलिंगला किती मिनिटं, कडा घासायला किती, कुठल्या मापाचे किती बोल्ट, ते आवळायला किती वेळ. सगळ्याची किंमत काढायची. हे करताना वर्कशॉपमधल्या प्रत्येकाच्या मागे लागावं लागतं आणि लोक वैतागतात. माझं जर्मन क्लासमध्ये नाही, या भांडणांत सुधारलं.

होकेनहाइमला परीक्षक माझी यादी हातात घेऊन गाडीपाशी उकिडवे बसले. पुढच्या चाकाजवळ बोट लावून विचारलं, ‘हा वॉशर यादीत कुठे आहे?’ नव्हता. सांगलीच्या गॅरेजात ज्याला वायसर म्हणतात तो, काही सेंटचा. मग दुसरा सापडला, मग तिसरा. मी यादी कॉम्प्युटरवरच्या मॉडेलवरून केली होती. प्रत्यक्ष गाडी जोडताना पोरांनी ते नंतर घातले होते. गुण गेले. टीम लीडर रागावला नाही, ते जास्त लागलं. पुढच्या वर्षी मी यादी गाडीखाली आडवं पडून, तोंडात टॉर्च धरून केली.

इथल्या सीव्हीत ‘एहरेनआम्ट’ म्हणजे बिनपगारी जबाबदारीचा वेगळा रकाना असतो. माझ्या इंटरव्ह्यूत मार्कांवर एक वाक्य झालं असेल. बाकी सगळा वेळ त्या वायसरवर. कुणाच्या लक्षात आलं? तू काय सांगितलंस? पुढच्या वर्षी काय बदललंस? नोकरी मिळाली तीही खरेदी-खर्च विभागात. सस्पेन्शन राहिलंच.

फुकटात काही झालं नाही, हेही सांगते. त्या वर्षी एका विषयात नापास झाले, आणि इथे बहुतेक ठिकाणी विषयाला मोजकेच प्रयत्न मिळतात. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने राहू देतात, म्हणून एक सेमिस्टर लांबलं तरी आभाळ कोसळत नाही. पण घरी कर्ज असेल तर हिशोब आधी मांडा. आणि सगळ्यांनी गाडीच बांधावी असंही नाही. माझी रूममेट विद्यार्थ्यांच्या सायकल दुरुस्तीच्या वर्कशॉपची वही सांभाळते, तिलाही इंटरव्ह्यूत तेच विचारलं.

भरती बहुतेक टीमची ऑक्टोबरात, सेमिस्टर सुरू होताना असते. ईमेलला उत्तर आलं नाही तर सरळ वर्कशॉपच्या दारात जाऊन उभं राहा. फक्त जुने कपडे घालून जा. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेले होते.