गाडीला दम लागत होता

आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी महिन्यातून एकदा साताऱ्याहून पुण्याला नेतो. गेल्या महिन्यात परतताना खंबाटकीचा घाट चढायला लागलो आणि मागच्या सीटवरून ती म्हणाली, "गाडीला दम लागतोय का रे?" अगदी नेमकं बोलली. पाय दाबावा तर गाडी नुसती गुरगुरायची, पुढे रेटायचीच नाही. उभी असताना आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटाही थरथरायचा.

गाडी १० वर्षांची, सव्वा लिटरची डिझेल. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, "टर्बो गेला." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी घरी आणली.

टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, गेला हे मला पटत नव्हतं. ना शिट्टीसारखा आवाज, ना काळा धूर. म्हणून ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या सेन्सरांचे आकडे दाखवणारं यंत्र, लावला. चढावर ३००० आरपीएमला एअर फ्लो, म्हणजे इंजिनात जाणारी हवा, दिसला सेकंदाला ४१ ग्रॅम. आता हिशोब बघा. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं, म्हणजे सेकंदाला २५ वेळा सव्वा लिटर, सुमारे ३१ लिटर. वजनात ३५-३७ ग्रॅम, आणि तेही टर्बोशिवाय. मग ४१ म्हणजे टर्बो जवळपास झोपलेलाच. पण त्याच वेळी मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतलं, प्रेशर होतं १७० किलोपास्कल! बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त. टर्बो काम करत होता, खोटं बोलत होता एअर फ्लो सेन्सर.

या सेन्सरमध्ये एक बारीकसा तापवलेला भाग असतो. हवा त्याला जितकी गार करते, त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हवा किती आली ते ओळखतो. त्यावर धुळीचा थर बसला की तो कमी गार होतो, ईसीयूला हवा कमी वाटते, आणि तो डिझेल सोडताना हात आखडता घेतो.

रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह काढली, कनेक्टर सोडवला, चांदणीच्या आकाराचे दोन स्क्रू काढले. एमएएफ क्लीनरचे, म्हणजे याच सेन्सरसाठी मिळणाऱ्या स्प्रेचे, १०-१२ छोटे फवारे मारले. कृपा करून कार्ब क्लीनर (कार्बुरेटर साफ करायचा स्प्रे) वापरू नका, आणि कापूस, इअरबड, बोट यांतलं काहीही आत घालू नका. तो भाग इतका नाजूक असतो की साफ करतानाच मोडायचा. कॉम्प्रेसरची हवाही नको. मी अर्धा तास तो सावलीत तसाच वाळू दिला.

पण सेन्सर मुळात मळला कशामुळे? एअर फिल्टरचा डबा उघडल्यावर कळलं. मागच्या सर्व्हिसला फिल्टर बदलला होता, त्याचा रबरी काठ एका कोपऱ्यात दुमडून बसवलेला आणि तिथली क्लिप अर्धवट लागलेली. स्वच्छ हवेच्या बाजूला, त्या कोपऱ्यापासून सेन्सरपर्यंत, लाल मातीची सरळ रेघ उमटली होती! या गोष्टीचा मला खरा राग आला. सेन्सर साफ करून ही फट तशीच ठेवली असती, तर सहा महिन्यांत पुन्हा तेच झालं असतं, आणि तोवर ती माती इंजिनात गेली असती. नवा फिल्टर आणून चारही क्लिपा स्वतः दाबून बघितल्या.

त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, आता ५८ ग्रॅम दिसतात. काटा स्थिर आहे. काल पुन्हा पुण्याला जाऊन आलो. खंबाटकीला आई झोपली होती, थेट सुरूरला जागी झाली.