चाकणच्या सेलमधलं पालथं क्रेट

चाकणजवळच्या एका कारखान्यात कोबॉटच्या सेलची फेरतपासणी होती. कोबॉट म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारा यांत्रिक हात, आणि सेल म्हणजे त्याची कामाची जागा. काम साधं. महिला ऑपरेटर अ‍ॅल्युमिनियमचं पंप हाउसिंग फिक्स्चरमध्ये, म्हणजे ते पक्कं धरणाऱ्या साच्यात ठेवते, खाचेत ओ-रिंग (गळती रोखणारी कडी) बसवते. मग कोबॉट वरचं कव्हर आणून ठेवतो आणि स्क्रू आवळतो. लीक टेस्टला रिजेक्शन वाढलं होतं, ओ-रिंग तिरकी बसत होती. त्यावर रजिस्टरमध्ये शेरा होता: 'ऑपरेटरचं लक्ष नाही.' लाइनवर तिन्ही जागी बायकाच, त्यामुळे शेऱ्याचा रोख कोणाकडे आहे ते विचारायची गरज नव्हती.

अशा तपासणीत आम्ही आधी कोबॉटकडे बघतच नाही. आधी सेफ्टी लेझर स्कॅनरला लॅपटॉप जोडायचा आणि आतल्या कॉन्फिगरेशनचा चेकसम, म्हणजे सेटिंग बदललं की बदलणारा आकडा, फाइलमधल्या चेकसमशी ताडून बघायचा. इथे तो जुळला नाही. म्हणजे सेल ताब्यात घेतल्यानंतर कोणीतरी संरक्षण क्षेत्र, म्हणजे स्कॅनर लक्ष ठेवतो ती जागा, बदललं होतं. नकाशा उघडला तर ऑपरेटर उभी राहते बरोबर तिथेच, साधारण ६० × ४० सेंटिमीटरचा तुकडा क्षेत्रातून कापलेला. त्या जागी जमिनीवर ३० सेंटिमीटर उंचीचं प्लॅस्टिकचं क्रेट पालथं घातलेलं होतं.

ऑपरेटर ताईंनी कारण लगेच सांगितलं. "मॅडम, क्रेटावर उभं राहिलं तरच खाच वरून दिसते. खाली उभं राहून अंदाजानं बसवावी लागते."

टेप लावून मोजलं. फिक्स्चरची खाच जमिनीपासून ११८ सेंटिमीटरवर, टेबलाच्या कडेपासून ६२ सेंटिमीटर आत. ताईंची उंची १४७. त्यांचा खांदा साधारण १२० वर येतो, डोळे १३६ च्या आसपास. म्हणजे खाच खांद्याच्या पातळीला आणि हात पूर्ण ताणल्यावर जेमतेम पोचेल इतकी लांब. अशा वेळी ओ-रिंगची पलीकडची कड दिसतच नाही. बोटांनी दाबून ती बसल्यासारखी वाटते, आणि कव्हर आवळलं की चिमटते. रिजेक्शनचं मूळ हे होतं. लक्षाचा इथे काही संबंध नव्हता.

आता क्रेटाचा परिणाम बघा. या सेलमध्ये स्कॅनरचं काम असं: माणूस जवळ आला की कोबॉटच्या हाताचा वेग सेकंदाला १००० मिलिमीटरवरून ३०० वर आणायचा. स्कॅनर जमिनीपासून २०० मिलिमीटर उंचीवर आडवं बघतो, त्यामुळे त्याला क्रेटही 'माणूस' वाटलं. कोणी नसतानाही हात सतत मंद, सायकल टाइम वाढला, उत्पादन घसरलं. म्हणून कोणीतरी क्रेटापुरतं क्षेत्र कापून टाकलं. क्रेटामुळे हात मंद होणं थांबलं, पण क्रेटावरची बाईही स्कॅनरला दिसेनाशी झाली. ती समोर उभी असताना हात पूर्ण वेगात येत होता. सेल तिथल्या तिथे बंद करायला लावला. यावर बराच वाद झाला, पण यात तडजोड नसते.

क्रेट काढलं म्हणजे प्रश्न संपतो असंही नाही. कव्हर घेऊन येणारा ग्रिपर, म्हणजे कोबॉटचा पकडणारा पंजा, १३० सेंटिमीटर उंचीवरून आडवा जात होता. पावणेसहा फुटी माणसाच्या बाबतीत ही छाती. १४७ सेंटिमीटरच्या बाईच्या बाबतीत हनुवटी. आयएसओ/टीएस १५०६६ या २०१६ च्या तांत्रिक दस्तऐवजात दाबून धरणाऱ्या संपर्कासाठी छातीची मर्यादा १४० न्यूटन आहे, चेहऱ्याची फक्त ६५. क्षणिक धक्क्यासाठी छातीला दुप्पट मुभा मिळते, चेहऱ्याला ती सवलतच नाही. मुळात चेहऱ्याशी संपर्क शक्यतो होऊच नये, अशी रचना करायची असते.

मोजमापही त्यावरच अवलंबून. बल मोजायच्या यंत्रात अवयवानुसार स्प्रिंग बदलतात: छातीसाठी २५ न्यूटन प्रति मिलिमीटर, चेहऱ्यासाठी ७५. जुन्या अहवालात फक्त छातीची स्प्रिंग लावून ११० न्यूटनची नोंद होती, म्हणजे उत्तीर्ण. स्प्रिंग तिप्पट कडक झाली की त्याच वेगाला बल ढोबळमानानं पावणेदोनपट होतं. आम्ही ७५ ची लावली तर आकडा १८० च्या वर गेला. कोबॉट तोच, वेग तोच, प्रोग्रॅमही तोच. फक्त समोरचं शरीर बदललं.

हे आधी का सापडलं नाही? मूळ चाचणी रात्री झाली होती, कारण लाइन तेव्हाच रिकामी मिळते. हजर सगळे पुरुष. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६६ ने स्त्रियांचं काम सकाळी ६ ते संध्याकाळी ७ मध्ये बांधलं होतं. पुढे महाराष्ट्रात अटींसह रात्रपाळीची मुभा मिळाली. पण घरापर्यंत गाडी, सोबतीला दुसरी महिला, विश्रांतीची खोली ही सोय करण्यापेक्षा बाईचं नाव कमिशनिंगच्या (यंत्र बसवून सुरू करून देण्याच्या) यादीतून वगळणं अनेकांना सोपं वाटतं. रोबोटिक्समधल्या मुली मग ऑफिसात सिम्युलेशन करत राहतात आणि बढतीच्या वेळी त्यांना विचारलं जातं, "साइटचा अनुभव किती?" मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. आणि तोटा फक्त त्यांचा नाही. त्या रात्री कमी उंचीची एक जरी इंजिनिअर फिक्स्चरसमोर उभी राहिली असती तरी खाच दिसत नाही हे पाच मिनिटांत कळलं असतं.

दुरुस्ती अशी केली. फिक्स्चर ९८ सेंटिमीटरवर उतरवलं, १७ सेंटिमीटर पुढे आणलं आणि ऑपरेटरकडे २० अंश कलवलं. प्रोग्रॅमचे बिंदू फिक्स्चरच्या फ्रेममध्ये, म्हणजे फिक्स्चरच्या संदर्भात शिकवलेले असते तर फ्रेमचे तीन बिंदू बदलून भागलं असतं. ते कोबॉटच्या बेसच्या संदर्भात होते, म्हणून सगळे नव्यानं शिकवावे लागले. ग्रिपरचा आडवा प्रवास १०५ सेंटिमीटरखाली आणला. तिथे बुटक्या बाईची छाती येते, उंच पुरुषाचं पोट. पोटाची मर्यादा छातीपेक्षा कमी, ११० न्यूटन, म्हणून छातीच्या आणि पोटाच्या स्प्रिंगनी वेगवेगळं मोजलं. दोन्ही आकडे मर्यादेत आले. ग्रिपरच्या जबड्याचे कोपरे गोल करून वर मऊ आवरण चढवलं, कारण बल मर्यादेत असूनही टोकाशी दाब जास्त होऊ शकतो. स्कॅनरचं क्षेत्र पूर्ववत केलं, पासवर्ड बदलला, नवा चेकसम सेलवर चिकटवला. क्रेट गेलं.

पेंडंटचा, म्हणजे कोबॉटला शिकवताना हातात धरायच्या नियंत्रकाचा प्रश्न मात्र राहिला. त्याच्या मागचं बटण तीन स्थितींचं असतं: सोडलं की कोबॉटचा हात थांबतो, मध्ये धरलं की चालतो, दचकून घट्ट आवळलं तरी थांबतो. लहान पंजाच्या हाताला बोटांच्या टोकांनी ती मधली स्थिती टिकवणं अवघड जातं, आणि पेंडंटचं वजनही त्याच हातावर येतं. कोबॉटचा हात सारखा थांबला की वैतागून कोणीतरी बटणाला टेप गुंडाळतं, आणि मग पेंडंट हातातून सुटलं तरी काहीच थांबत नाही. तूर्त पेंडंट टेकवायला स्टँड आणि मनगटाचा पट्टा दिला आहे. बटण स्वतंत्र हँडलवर द्या, अशी मागणी पुरवठादाराकडे लेखी गेली आहे, सोबत लाइनवरच्या बायकांच्या पंजांची मापं जोडून.